यूजेन आत्जे

यूजेन आत्जे (१२ फेब्रुवारी १८५७ – ४ ऑगस्ट १९२७) हे फ्रेंच छायाचित्रकार होते. पॅरिस शहरातील जुन्या इमारती, गल्ल्या, अंगणे, जिने, दुकाने आणि उद्याने यांची छायाचित्रे त्यांनी सुमारे तीस वर्षे सातत्याने घेतली. त्यांच्या निगेटिव्हांची संख्या आठ हजारांहून अधिक आहे. आत्जे स्वतःला कलावंत म्हणवून घेत नसत. आपली छायाचित्रे म्हणजे चित्रकार, कारागीर, ग्रंथालये व संग्रहालये यांच्या उपयोगाचे दस्तऐवज आहेत, अशी त्यांची भूमिका होती. मृत्यूनंतर मात्र ही छायाचित्रे कलाकृती म्हणून मान्यता पावली आणि शहरातील वास्तूंच्या कलात्मक छायाचित्रणाच्या परंपरेत त्यांना पायाभूत स्थान मिळाले. दस्तऐवज आणि कलाकृती यांच्यातील सीमारेषा कोठे आखावी, या छायाचित्रणाच्या इतिहासातील वादात आत्जे यांचे उदाहरण नेहमी दिले जाते.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पॅरिसचा मध्यभाग दाट वस्तीचा आणि अरुंद गल्ल्यांचा होता. सम्राट तिसरा नेपोलियन याच्या कारकिर्दीत बॅरन ओस्मान हे १८५३ ते १८७० या काळात सेन प्रांताचे प्रशासक होते. त्यांच्या योजनेनुसार जुन्या वस्त्या पाडून रुंद व सरळ हमरस्ते काढण्यात आले. पाडल्या जाणाऱ्या रस्त्यांची नोंद राहावी म्हणून शहर प्रशासनाने शार्ल मारव्हील या छायाचित्रकाराकडून त्यांची छायाचित्रे काढून घेतली. त्यापूर्वी १८५१ मध्ये फ्रेंच शासनाने देशातील ऐतिहासिक वास्तूंचे छायाचित्रण करण्यासाठी पाच छायाचित्रकारांची नेमणूक केली होती. वास्तूंची छायाचित्रे सार्वजनिक संस्थांनी जतन करण्याची प्रथा त्यामुळे आत्जे यांच्या आधीच रुळली होती.

ओस्मान पायउतार झाल्यावरही पाडकाम पूर्णपणे थांबले नाही. नवे रस्ते निघत राहिले आणि १९०० मध्ये भुयारी रेल्वेचा पहिला मार्ग सुरू झाला. जुने शहर नाहीसे होत असल्याची जाणीव सुशिक्षित वर्गात वाढत गेली आणि १८९७ मध्ये ‘जुने पॅरिस आयोग’ स्थापन झाला. जुन्या वास्तूंची यादी करणे आणि त्यांच्या जतनासाठी प्रयत्न करणे हे त्याचे काम होते. आत्जे यांनी जुन्या पॅरिसचे पद्धतशीर छायाचित्रण याच सुमारास सुरू केले. अशा छायाचित्रांना निश्चित गिऱ्हाईक मिळेल, ही परिस्थिती या वातावरणातून निर्माण झाली होती.

जीवन

आत्जे यांचा जन्म बोर्दोजवळील लिबुर्न या गावी झाला. त्यांचे वडील घोडागाड्या बनविण्याचा व्यवसाय करीत. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्याने आजी-आजोबांनी बोर्दो येथे त्यांचा सांभाळ केला. शिक्षणानंतर काही काळ त्यांनी व्यापारी जहाजावर नोकरी केली. १८७८ मध्ये ते अभिनेता होण्याच्या इच्छेने पॅरिसला आले. राष्ट्रीय नाट्यविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेत ते प्रथम अनुत्तीर्ण झाले. पुढच्या वर्षी त्यांना प्रवेश मिळाला. मात्र सक्तीच्या लष्करी सेवेमुळे त्यांना पूर्णवेळ हजेरी लावता येत नव्हती आणि १८८१ मध्ये त्यांना विद्यालय सोडावे लागले. त्यानंतर फिरत्या नाटक मंडळींत ते दुय्यम भूमिका करीत. अभिनेत्री व्हालांतीन कोंपान्यों यांच्याशी त्यांची ओळख याच काळात झाली. त्या पुढे आत्जे यांच्या आयुष्यभराच्या जोडीदार ठरल्या. १८८७ मध्ये घशाच्या विकारामुळे आत्जे यांना रंगभूमी सोडावी लागली.

काही काळ त्यांनी चित्रकला करून पाहिली. परंतु तीत यश आले नाही. १८८८ च्या सुमारास ते छायाचित्रणाकडे वळले आणि १८९० मध्ये पॅरिसला परतून त्यांनी व्यवसाय सुरू केला. ‘कलावंतांसाठी दस्तऐवज’ अशा अर्थाची पाटी त्यांनी आपल्या दारावर लावली होती. चित्रकारांना पार्श्वभूमीसाठी झाडे, फुले, प्राणी व निसर्गदृश्ये यांची, तर सजावटकारांना व लोहारांना दारे, कठडे आणि जाळीकामाची छायाचित्रे लागत. आत्जे ती अल्प किमतीत पुरवीत. १८९९ मध्ये ते मोंपार्नास भागातील कांपान्य-प्रमिएर रस्त्यावरील घरात राहावयास गेले व अखेरपर्यंत तेथेच राहिले.

विसाव्या शतकाच्या आरंभापासून पॅरिसमधील कार्नाव्हाले संग्रहालय, शहराचे ऐतिहासिक ग्रंथालय आणि राष्ट्रीय ग्रंथालय या संस्था त्यांच्या मुख्य ग्राहक बनल्या. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयानेही त्यांच्याकडून छायाचित्रे विकत घेतली. पहिल्या महायुद्धाच्या काळात छायाचित्रण जवळजवळ बंद पडले. व्हालांतीन यांचा मुलगा युद्धात मारला गेला. युद्धकाळात आत्जे यांनी काचेच्या निगेटिव्हांचा साठा सुरक्षिततेसाठी तळघरात हलविला होता.

संग्रहाचे पुढे काय होणार, ही चिंता त्यांना उतारवयात सतावू लागली. नोव्हेंबर १९२० मध्ये त्यांनी ललित कला विभागाचे संचालक पॉल लेओं यांना पत्र लिहिले. जवळजवळ संपूर्ण जुने पॅरिस आपल्या संग्रहात आहे. वयाची सत्तरी जवळ आली असून आपल्यामागे हा संग्रह सांभाळणारा वारस नाही, असे त्यांनी त्यात कळविले होते. शासनाने २,६०० हून अधिक निगेटिव्ह १०,००० फ्रँकला विकत घेतल्या. या रकमेमुळे त्यांना काहीशी आर्थिक स्वस्थता मिळाली आणि ग्राहकाच्या मागणीपलीकडे जाऊन स्वतःच्या आवडीच्या विषयांकडे वळता आले. जून १९२६ मध्ये व्हालांतीन यांचे निधन झाले. त्यानंतर सुमारे वर्षभराने, ४ ऑगस्ट १९२७ रोजी आत्जे यांचे पॅरिस येथे निधन झाले.

साधने व तंत्र

आत्जे यांनी आपली साधने अखेरपर्यंत फारशी बदलली नाहीत. भात्याचा लाकडी कॅमेरा, तिवई आणि १८ × २४ सेंटिमीटर आकाराच्या काचेच्या पट्ट्या एवढे अवजड सामान घेऊन ते शहरभर हिंडत. हाताळण्यास सोपे असे लहान कॅमेरे त्यांच्या हयातीत बाजारात आले. परंतु त्यांनी ते वापरले नाहीत. मोठ्या पट्टीवर दगडाचा पोत, लोखंडी नक्षी, भिंतीवरील जाहिरातीची अक्षरे असे बारीक तपशील स्पष्ट उमटत आणि दस्तऐवज म्हणून त्यांच्या कामाचे मोल या तपशिलांवरच अवलंबून होते.

उंच इमारतीचे छायाचित्र घेताना कॅमेरा वर कलविला, तर इमारतीच्या उभ्या रेषा वरच्या बाजूस एकमेकींकडे झुकलेल्या दिसतात. हा दोष टाळण्यासाठी आत्जे कॅमेरा सरळ ठेवून केवळ भिंगाची पुढची फळी वर सरकवीत. त्यामुळे रेषा उभ्याच राहत. मात्र भिंगातून येणाऱ्या प्रकाशाचे वर्तुळ पट्टीच्या कडांपर्यंत पोहोचत नसे. त्यांच्या अनेक छायाचित्रांत वरचे दोन कोपरे काळे व गोलाकार दिसतात, ते यामुळे. पट्टी धरून ठेवणाऱ्या चिमट्यांच्या खुणा आणि निगेटिव्हवर कोरलेले क्रमांकही छापील प्रतींवर उमटलेले आढळतात. व्यावसायिक छायाचित्रकार सहसा अशा खुणा कापून टाकीत. आत्जे यांनी त्या तशाच राहू दिल्या.

त्या काळच्या पट्ट्यांची प्रकाशसंवेदनक्षमता कमी असल्याने भिंग काही सेकंद उघडे ठेवावे लागे. तेवढ्या अवधीत चालणारी माणसे व गाड्या पुसट होत किंवा अजिबात उमटत नसत. आत्जे बहुधा पहाटे किंवा सकाळी लवकर, रहदारी सुरू होण्यापूर्वी काम करीत. त्यांच्या छायाचित्रांतील ओस रस्ते आणि माणसांच्या जागी दिसणारे धूसर आकार यांमागे ही व्यावहारिक कारणे आहेत. छापील प्रती ते स्वतः तयार करीत. अंड्यातील पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या अल्ब्युमेन कागदावर निगेटिव्ह ठेवून ती सूर्यप्रकाशात छापली जाई आणि सुवर्णक्षाराच्या द्रावणात प्रतीला रंगछटा दिली जाई. या पद्धतीत प्रतिमा मोठी करता येत नाही. छापील प्रत निगेटिव्हच्याच आकाराची होते. महायुद्धानंतर हा कागद मिळणे दुरापास्त झाल्यावर त्यांनी इतर प्रकारचे कागद वापरले.

विषय व मालिका

आत्जे यांनी आपले काम विषयवार मालिकांत विभागले होते आणि प्रत्येक मालिकेला स्वतंत्र क्रमांकन दिले होते. ‘निसर्गदृश्ये’, ‘जुन्या पॅरिसमधील कला’, ‘नयनरम्य पॅरिस’, ‘परिसर’ आणि शहराच्या ऐतिहासिक ग्रंथालयासाठी तयार केलेली ‘स्थलवर्णन’ ही मालिका त्यांत प्रमुख आहेत. एकाच जागी ते अनेक वर्षांनी पुन्हा जात आणि जुन्या क्रमाला नवी छायाचित्रे जोडीत.

जुन्या वास्तू : पॅरिसमधील सरदार-उमरावांचे सतराव्या व अठराव्या शतकांतील वाडे विसाव्या शतकाच्या आरंभी गोदामे, कारखाने किंवा भाड्याच्या खोल्या बनले होते. आत्जे यांनी त्यांची प्रवेशद्वारे, अंगणे, दगडी जिने, लोखंडी कठडे आणि दारांवरील ठोके टिपले. संपूर्ण इमारतीचे भव्य दर्शन घडविण्यापेक्षा एखाद्या भागाचा जवळून अभ्यास करण्याकडे त्यांचा कल होता. आयफेल टॉवर, ओस्मानकालीन हमरस्ते यांसारख्या नव्या पॅरिसच्या खुणा त्यांनी जवळजवळ वगळल्या.

दुकाने व रस्ते : खाणावळी, मद्यालये, जुन्या पाट्या, फेरीवाले आणि बाजार यांची मोठी मालिका त्यांनी केली. तूर्नेल धक्क्यावरील ‘ओ तांबूर’ या मद्यालयाच्या १९०८ मधील छायाचित्रात दाराच्या काचेत खुद्द कॅमेऱ्याचे प्रतिबिंब दिसते आणि काचेमागून पाहणाऱ्या माणसांचे चेहरे त्यात मिसळतात. गोबलँ मार्गावरील दुकानाच्या १९२५ मधील छायाचित्रात कपडे घातलेले पुतळे आणि समोरच्या इमारतीचे व झाडांचे प्रतिबिंब एकाच काचेवर एकत्र आले आहे.

शहराची सीमा : पॅरिसभोवती १८४० च्या दशकात बांधलेल्या तटबंदीबाहेर बांधकामास मनाई असलेला पट्टा होता. तेथे चिंध्या व भंगार गोळा करणारी कुटुंबे फळकुटांच्या झोपड्यांत राहत. आत्जे यांनी या वस्तीचे छायाचित्रण केले. वाड्यांच्या नक्षीदार दारांकडे त्यांनी ज्या बारकाईने पाहिले, त्याच बारकाईने त्यांनी या झोपड्या टिपल्या. १९१९ पासून तटबंदी पाडण्यास सुरुवात झाली. चामडे कमावणाऱ्यांचे कारखाने असलेल्या बिएव्र नदीचीही छायाचित्रे त्यांनी घेतली. पॅरिसमधील या नदीचे पात्र पुढे पूर्णपणे झाकले गेले.

अल्बम : १९०९ ते १९१५ या काळात आत्जे यांनी राष्ट्रीय ग्रंथालयासाठी सात अल्बम तयार केले. घरांचे अंतर्भाग, वाहने, व्यवसाय व दुकाने, जुन्या पाट्या, तटबंदी व तिच्यालगतची वस्ती असे त्यांचे विषय आहेत. घरांच्या अंतर्भागांच्या अल्बममध्ये विविध व्यवसायांच्या व वर्गांच्या लोकांची घरे दाखविली आहेत. त्यांतील काही खोल्या प्रत्यक्षात आत्जे यांच्याच घरातील असून त्यांवर इतरांची घरे म्हणून मथळे दिलेले आहेत, असे पुढे संशोधनात दिसून आले. दस्तऐवजाच्या विश्वासार्हतेची चर्चा करताना या अल्बमचा उल्लेख विशेषत्वाने केला जातो.

उद्याने : व्हर्साय, सें-क्लू आणि सो येथील राजेशाही उद्यानांत त्यांनी पुतळे, पायऱ्या, तळी आणि वृक्ष टिपले. १९२५ च्या मार्च ते जून या काळात ते सो येथील दुर्लक्षित उद्यानात वारंवार गेले. या उत्तरकालीन छायाचित्रांत प्रकाश, धुके आणि गडद सावल्या यांना पूर्वीपेक्षा अधिक महत्त्व आले आहे.

अतिवास्तववादी व आत्जे

अमेरिकन चित्रकार व छायाचित्रकार मॅन रे हे १९२० च्या दशकात आत्जे यांच्याच रस्त्यावर राहत असत. त्यांनी आत्जे यांच्याकडून काही डझन छापील प्रती विकत घेतल्या. दुकानांच्या काचांतील प्रतिबिंबे, निर्जीव पुतळे आणि निर्मनुष्य रस्ते यांत अतिवास्तववाद्यांना स्वप्नाशी असलेले साधर्म्य जाणवले. जून १९२६ मध्ये अतिवास्तववाद्यांच्या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर आत्जे यांचे एक छायाचित्र छापण्यात आले. एप्रिल १९१२ मधील सूर्यग्रहण पाहण्यासाठी पॅरिसच्या बास्तीय चौकात जमलेला जमाव त्यात दिसतो. लोक आकाशाकडे पाहत आहेत आणि ग्रहण चौकटीबाहेर आहे. नियतकालिकाने त्याला धर्मांतराचा उपहास सूचित करणारा मथळा दिला. आपले नाव छापू नये, हे केवळ दस्तऐवज आहेत, असे आत्जे यांनी मॅन रे यांना सांगितले होते.

संग्रहाचे जतन

मॅन रे यांच्या माजी साहाय्यक बेरेनिस ॲबट यांनी १९२७ मध्ये आत्जे यांची व्यक्तिचित्रे घेतली. त्या प्रती दाखविण्यासाठी गेल्या असता आत्जे यांचे निधन झाल्याचे त्यांना कळले. आत्जे यांचे मित्र आंद्रे काल्मेत यांनी सुमारे २,००० निगेटिव्ह ऐतिहासिक वास्तू विभागाकडे सुपूर्द केल्या. उरलेला संग्रह ॲबट यांनी न्यूयॉर्कमधील कलाविक्रेते ज्युलियन लेव्ही यांच्या आर्थिक साहाय्याने १९२८ मध्ये विकत घेतला आणि अमेरिकेला नेला. १९३० मध्ये आत्जे यांच्या छायाचित्रांचा पहिला ग्रंथ प्येर माक ऑर्लां यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९६८ मध्ये ॲबट व लेव्ही यांच्याकडून हा संग्रह खरेदी केला. त्यात सुमारे ५,००० छापील प्रती आणि एक हजाराहून अधिक निगेटिव्ह होत्या. संग्रहालयाने १९८१ ते १९८५ या काळात चार प्रदर्शने भरविली आणि जॉन झारकोव्स्की व मारिया मॉरिस हॅमबर्ग यांनी लिहिलेले चार खंड प्रसिद्ध केले. फ्रान्समधील निगेटिव्ह आज शासकीय वारसा-संग्रहात, तर छापील प्रती कार्नाव्हाले संग्रहालय व राष्ट्रीय ग्रंथालय आदी संस्थांत आहेत.

मूल्यमापन

जर्मन विचारवंत वॉल्टर बेन्यामिन यांनी १९३१ मधील छायाचित्रणाच्या इतिहासावरील निबंधात आत्जे यांचे महत्त्व प्रथम तात्त्विक पातळीवर मांडले. आत्जे यांच्या निर्मनुष्य रस्त्यांना गुन्ह्याच्या जागेची उपमा दिली जाते. बेन्यामिन यांनी हे साम्य अर्थपूर्ण मानले : गुन्ह्याच्या जागेचे छायाचित्र पुराव्यासाठी घेतले जाते, तसेच ही छायाचित्रेही प्रेक्षकाला नुसते रमू देत नाहीत, तर तपास करावयास लावतात, असे त्यांचे प्रतिपादन होते.

नंतरच्या अभ्यासकांत मुख्यतः दोन मते आढळतात. झारकोव्स्की यांनी आत्जे यांच्याकडे स्वतंत्र दृष्टी असलेला, वयानुसार प्रगल्भ होत गेलेला कलावंत म्हणून पाहिले. रोझालिंड क्राउस यांनी १९८२ मधील लेखात यावर आक्षेप घेतला. निगेटिव्हांवरील क्रमांकांमागे ग्रंथालयांच्या विषयवार सूचीची पद्धत असून, त्या कामावर आधुनिक कलेतील ‘कलावंत’ आणि ‘शैली’ या कल्पना नंतर लादल्या गेल्या, असे त्यांनी मांडले. मॉली नेस्बिट यांनी १९९२ मधील ग्रंथात सात अल्बमांचा अभ्यास करून आत्जे यांचा ग्राहकवर्ग, त्यांचा व्यवसाय आणि त्यांची डावी राजकीय सहानुभूती यांच्या संदर्भात छायाचित्रांचा अर्थ लावला. छायाचित्रांतून कोणते पॅरिस वगळले आहे, हेही तितकेच बोलके असल्याचे या अभ्यासांतून पुढे आले.

प्रभाव

बेरेनिस ॲबट १९२९ मध्ये न्यूयॉर्कला परतल्यावर तेथील झपाट्याने बदलणाऱ्या इमारती पाहून आत्जे यांच्या धर्तीवर काम करू लागल्या. १९३५ ते १९३९ या काळात शासकीय कला प्रकल्पांतर्गत त्यांनी ‘चेंजिंग न्यूयॉर्क’ ही ३०५ छायाचित्रांची मालिका पूर्ण केली. आत्जे यांनी जुन्या शहराकडे लक्ष केंद्रित केले होते; ॲबट यांनी गगनचुंबी इमारती आणि त्यांच्या पायथ्याशी उरलेली जुनी दुकाने एकाच चौकटीत आणली. वॉकर एव्हान्स यांनी १९३१ मध्ये आत्जे यांच्या ग्रंथाचे परीक्षण लिहिले. साध्या इमारती, पाट्या व दुकाने यांची समोरून घेतलेली त्यांची छायाचित्रे त्याच परंपरेतील मानली जातात. अमेरिकन छायाचित्रकार क्रिस्तोफर राउशेनबर्ग यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस आत्जे यांच्या जागांवर जाऊन त्याच कोनांतून पुन्हा छायाचित्रे घेतली. हे काम २००७ मध्ये ग्रंथरूपात प्रसिद्ध झाले. जुनी व नवी छायाचित्रे शेजारी ठेवली असता अनेक ठिकाणच्या इमारती ओळखू येतात. रस्त्यांची रुंदी, दुकाने आणि वापर मात्र बदललेले दिसतात.

वास्तू व नगररचना यांच्या इतिहासकारांसाठी आत्जे यांची छायाचित्रे आजही प्राथमिक साधन आहेत. नष्ट झालेल्या इमारतींची रचना, दुकानांच्या पाट्यांचे स्वरूप, फरसबंदी आणि गटारांची मांडणी यांची माहिती त्यांतून मिळते. कला म्हणून ती संग्रहालयांच्या भिंतींवर लावली गेल्यानंतरही त्यांचा हा मूळ उपयोग संपलेला नाही.